हक्कावर पाणी

स्कुबिचांच्या घरात दोन गोष्टींना बंदी होती. संप फोडणाऱ्याचं नाव काढायला आणि न वाचता सही करायला. पहिली बंदी आजोबांनी घातलेली, दुसरी बाबांनी. रूडी स्कुबिच लोखंडाच्या खाणीत अवजड ट्रक दुरुस्त करायचा, पण ते पोटापुरतं. त्याचा जीव अडकला होता तो युनियनच्या तक्रारी लढवण्यात. कंपनीनं कुणाची पाळी बदलली, कुणाचा जादा वेळ खाल्ला, की रूडी पिवळं पॅड काखेत मारून हजर. मोबाइलवर काही नवीन आलं तरी त्याच्या अटी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि ‘अमान्य’ दाबायचा. त्यामुळे त्याच्या मोबाइलवर हवामानाखेरीज काही दिसत नसे.

अशा बापाची लेक ब्रिन ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, “बाबा, एका हक्कावर पाणी सोडायचंय. पटकन टिचकी मारते, मग जेवू.”

रूडीचा काटा तोंडाशीच थांबला.

“कोणता हक्क?”

“शिफारसपत्र वाचायचा. पेल्टोला सर माझ्याबद्दल कॉलेजला काय लिहितात ते.”

“ते तू वाचू नयेस असं कोण म्हणतं?”

“कुणीच नाही. नुसतं विचारलंय, सोडतेस का म्हणून.”

“सोडलास तर बदल्यात काय देतात?”

“काही नाही.”

रूडीनं काटा ताटात ठेवला. “बये, फुकटात हक्क मागणारा मालक मी उभ्या जन्मात पाहिला नाही. काहीतरी काळंबेरं आहे. बंद कर ते.”

“जेव आधी,” ब्रिनची आई, कार्ला, म्हणाली. “मालक उद्याही तिथेच असेल. मांस निवेल.”

ब्रिननं लॅपटॉप मिटला, पण मन काही मिटेना. मोठ्या तळ्यापलीकडचं ते इंजिनिअरिंग कॉलेज तिनं उन्हाळ्यात पाहिलं होतं. तिथल्या एका शेडमध्ये हलक्या प्रतीच्या दगडातून चांगलं लोखंड काढायची यंत्रं धडधडत होती, आणि तिच्यापेक्षा थोड्याच मोठ्या पोरी हेल्मेट घालून त्यांच्याशी भांडत होत्या. तेव्हापासून ब्रिनच्या अंगात वारं शिरलं होतं. झोपेत ती दगड दळायची, जागेपणी अर्ज भरायची. निबंध झाला, गुणपत्रकं गेली, आणि गाडी येऊन अडली ती एका चौकोनापाशी. ‘मला लिहिलेली पत्रं पाहण्याचा हक्क मी सोडते’ किंवा ‘सोडत नाही’. दोन्हींपैकी एक निवडल्याशिवाय शिक्षकांकडे निरोपच जात नव्हता. आणि एकदा पत्र गेलं की निवड बदलता येत नव्हती.

खरं सांगायचं तर बाबा अडून बसला याचा तिला आतून आनंदच झाला होता. कारण पत्र लिहिणार होते पेल्टोला सर, आणि पेल्टोला सरांवर ब्रिननं गेल्या वर्षी तक्रार ठोकली होती.

तक्रार म्हणजे अशी तशी नव्हे. रूडी स्कुबिचच्या लेकीची तक्रार! सरांचा नियम होता, घंटेनंतर आलेल्याला त्या दिवसाच्या प्रयोगाला शून्य. एका सकाळी बर्फानं रस्ता बुजला, खाणीपलीकडच्या वस्तीची बस उशिरा आली, आणि बसमधल्या पोरांना सरांनी सरसकट शून्य दिलं. ब्रिनला बाबानं ट्रकमधून आणून सोडलं होतं, तिला पूर्ण गुण. पण तिचं डोकं फिरलं. तिनं रात्री बसून युनियनच्या नमुन्यावर तक्रार लिहिली. तक्रारदार कोण, शाळेच्या नियमावलीतलं कुठलं कलम मोडलं, मागणी काय. वर ठळक अक्षरांत ‘पायरी एक’. बाबानं कौतुकानं तपासून दिली. खाणीतला रिवाज असा की पहिल्या पायरीला तक्रार द्यायची ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात, समोरासमोर, पाठीमागून नाही. तसं ब्रिननं भर वर्गात तो कागद पेल्टोला सरांच्या हातात ठेवला.

सरांनी तो वाचला. घडी करून खणात ठेवला. म्हणाले, “पायरी दोन प्राचार्यांकडे,” आणि फळ्याकडे वळून उष्णतेचं गणित पुढे चालू केलं. प्राचार्यांनी शून्यं पुसली. सरांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तसे ते मुळातच फिनलंडहून आलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या आजोबांचे नातू. दिवसभरात जेवढं बोलत तेवढं ब्रिन दात घासताना बोलायची. त्यामुळे ते रागावलेत की विसरलेत, हे कळायला मार्गच नव्हता.

दुसरा कुणी शिक्षक मागावा, तर कॉलेजला विज्ञान-गणिताचाच हवा होता. आणि एवढ्याशा शाळेत भौतिकशास्त्रही पेल्टोला, रसायनही पेल्टोला आणि वरच्या वर्गाचं गणितही पेल्टोलाच. धीर करून तिनं त्यांना विचारलं होतं.

“सर, माझ्यासाठी शिफारसपत्र लिहाल?”

“लिहीन.” सर फळा पुसत होते.

“काय लिहाल?”

“जे आहे ते.”

ते तीन शब्द ब्रिन तेव्हापासून उलटसुलट करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती मिसेस डॅलबर्गकडे गेली. कॉलेजचे अर्ज मार्गी लावायचं काम त्यांचं. टेबलावर कायम गोळ्यांची बरणी असायची आणि पोरं रडायला लागली की त्या ती पुढे सरकवत. त्यांनी ब्रिनकडे एकदा पाहिलं आणि बरणी सरकवली.

“अगं, सगळेच सोडतात. न सोडणाऱ्याचं पत्र कॉलेजवाले चिमटीत धरून वाचतात. त्यांना वाटतं, मास्तर पोरीच्या धाकानं गोड गोड लिहितोय.”

“पण सोडला नाही तर वाचायला मिळेल ना मला?”

“कधी? तिथे प्रवेश घेतल्यावर. आणि तोवर त्यांनी पत्र जपून ठेवलं असलं तर. बरीच कॉलेजं फेकूनच देतात.”

हे ब्रिननं घरी सांगितलं. “म्हणजे हक्क पोकळच आहे, बाबा.”

“पोकळ हक्क हासुद्धा हक्कच,” रूडी म्हणाला. “आज पोकळ सोडलास, उद्या भरीव मागतील. तुझ्या आजोबांनी संपात भर थंडीत खाणीच्या दारावर पहारा दिला तो काय हे बघायला? बैठक घे.”

“कसली बैठक?”

“पेल्टोलाबरोबर. मी येतो तुझा प्रतिनिधी म्हणून.”

“बाबा, हे शिफारसपत्र आहे, करार नाही!”

“सही आहे ना? मग करारच.”

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बैठक भरली. रूडी युनियनचं निळं जाकीट घालून आला, ब्रिनच्या बाजूच्या उंच स्टुलावर बसला आणि पिवळं पॅड समोर ठेवलं. समोरच्या बाजूला पेल्टोला सर वह्या तपासत होते. दोघं लहानपणी एकाच संघात हॉकी खेळलेले, एरवी अरे-तुरे चालायचं. पण बैठकीत रूडी देवालाही अहो-जाहोच करायचा.

“पेल्टोला, आमची मागणी साधी आहे. तुम्ही पत्र लिहा आणि धाडण्याआधी आमच्या सदस्येला दाखवा.”

“नाही.”

“एकदाच.”

“नाही.”

“कारण सांगा.”

सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. “दाखवायचं म्हटलं की हात वेगळा चालतो.”

“म्हणजे वाईट लिहिणार?”

“तसं म्हटलं नाही.”

“मग चांगलं?”

“तसंही म्हटलं नाही.”

रूडीनं पॅडवर लिहिलं, ‘दुसरी बाजू ताठर.’ ब्रिनला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी तिला राहवेना. “सर, मी हक्क ठेवला तर तुम्ही पत्र लिहिणारच नाही का?”

“लिहीन,” सर म्हणाले. “हक्क तुझा आहे, ठेव. पण मग ते पत्र आपल्या दोघांचं होईल. कॉलेजनं माझं एकट्याचं मागितलंय.”

एवढं लांबलचक भाषण ब्रिननं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनाही जड गेलं असावं, कारण त्यांनी लगेच पुढची वही ओढली. बैठक संपली.

परतताना रूडी ट्रक असा हाकत होता की जणू गिअरनंच त्याचा अपमान केलाय. “ताठ मानेचा फिन! यापेक्षा तो कंपनीचा माणूस परवडला. त्याला निदान लाज होती.” आणि मूड सुधारायला त्यानं आपली नेहमीची गोष्ट काढली. ती गोष्ट गावातल्या कुत्र्यामांजरांनाही पाठ होती. कराराच्या मतदानाच्या दिवशी कंपनीचा एक साहेब हीटर बघायच्या निमित्तानं युनियनच्या हॉलमध्ये शिरला आणि मतपेटीजवळ रेंगाळला. रूडी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मी म्हटलं, साहेब, पेटीपासून लांब! तो म्हणतो, मी कुठे बघतोय, मी नुसता उभा आहे. मी म्हटलं, नुसतं उभं राहणं म्हणजेच बघणं. तुम्ही उभे असलात की माणसाच्या हातातली पेन्सिल—”

तो थांबला, कारण ब्रिननं त्याचा दंड गच्च धरला होता.

“पेन्सिल काय, बाबा?”

“अं?”

“पेन्सिल काय म्हणालास तू त्याला? पुढचं बोल!”

“पेन्सिल वेगळी चालते, म्हणालो. का?”

“गाडी थांबव.”

“इथे?”

“थांबव ना!”

ट्रक खाणीच्या लाल मातीच्या ढिगाऱ्याशेजारी थांबला. ब्रिन सीटवरच गुडघ्यांवर वळून बसली. तिचे कान लाल झाले होते आणि शब्द एकमेकांवर आदळत बाहेर पडत होते.

“बाबा, मला ते पत्र वाचायचं नाहीच आहे! मिसेस डॅलबर्ग म्हणाल्या ना, वाचायला मिळणारच नाही बहुतेक. मग मी हक्क कशाला धरून बसलेय? सर घाबरावेत म्हणून! पोरगी कधीतरी वाचेल, या धाकानं त्यांनी तक्रारीचं काही लिहू नये म्हणून. बाबा, मी बघत नाहीये. मी नुसती उभी आहे.”

“कुठे उभी आहेस?”

“सरांच्या पेटीपाशी.”

रूडीनं इंजिन बंद केलं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण ती अशी भर रस्त्यात, ट्रकमध्ये गाठेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“आणि त्यानं वाईट लिहिलं तर?” त्यानं हळूच विचारलं. आता हे युनियनचा प्रतिनिधी विचारत नव्हता.

ब्रिनला भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. ते शेड, ती यंत्रं, त्या हेल्मेटवाल्या पोरी, सगळं त्या मुखदुर्बळ माणसाच्या एका कागदावर टांगलेलं होतं. पण भीतीच्या वर काहीतरी उसळ्या मारत होतं आणि ते तिला आवरेना.

“तर लिहिलं,” ती म्हणाली. “मत आपल्याच बाजूनं पडणार म्हणून गुप्त ठेवतो का आपण?”

रूडीनं चष्मा काढला, जाकिटाच्या बाहीनं पुसला, परत लावला. “आण तो मोबाइल इकडे.”

तिथे सिग्नल जेमतेम. पान उघडायला युग लागलं. उघडल्यावर रूडीनं चौकोनाखालची सगळी बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. ब्रिन सीटवर उड्या मारायची तेवढी बाकी होती.

“बाबा, चल ना!”

“न वाचता सही नाही.” त्यानं शेवटचा पूर्णविराम गाठला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. “वाचलं. दाब.”

तिनं दाबलं. हक्क सुटला. कुठे काही वाजलं नाही, चमकलं नाही, पण ब्रिननं खिडकी खाली करून मातीच्या ढिगाऱ्याला उद्देशून अशी आरोळी ठोकली की रूडीनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

त्यानंतरची वाट पाहणं कुणी वैऱ्यावर आणू नये. सर वर्गात तसेच गणितं घालत राहिले. पत्र गेलं, एवढं मोबाइलवर दिसलं. ब्रिन त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधायची, आणि ते फळ्यावर लिहीत राहायचे.

डिसेंबरात युनियनच्या हॉलमध्ये पास्ट्या भरायचा दिवस आला. मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाच्या सलगमासारख्या कंदाचं सारण भरलेल्या तळहाताएवढ्या करंज्याच त्या. खाणीत न्यायला सोप्या, आणि नाताळात निधीसाठी विकायला त्याहून सोप्या. ब्रिन कोपरापर्यंत पिठात होती. रूडी तिच्या शेजारी कडा दुमडत होता, त्याच्या जाड बोटांतून पास्टी निघायची ती लढाईतून परतल्यासारखी. तेवढ्यात ब्रिनच्या खिशात मोबाइल थरथरला.

“बाबा, काढ! माझे हात बघ! काढ लवकर!”

रूडीनं हात पुसून मोबाइल काढला. कॉलेजचा निरोप होता. तो चष्मा शोधू लागला.

“डोक्यावर आहे, बाबा!”

“पासवर्ड काय?”

“दे, मी नाकानं टाइप करते!”

सगळं स्वयंपाकघर थांबलं. कार्ला लाटणं हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली. शेवटी पान उघडलं, आणि रूडी आपल्या सवयीनं वरून सुरुवात करून वाचू लागला. “प्रिय ब्रिन, प्रवेश समितीच्या वतीनं आपणास...”

“खालचं वाच!”

“क्रमानं वाचू दे! आपणास कळविण्यास आम्हाला अतिशय आनंद...”

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. ब्रिननं पिठाच्या हातांनी बापाच्या गळ्यात उडी घेतली. कार्लानं लाटण्यानं टेबल बडवलं, आणि हॉलमध्ये करार जिंकल्यावर होत नाही एवढा गोंधळ झाला. निळ्या जाकिटावर उमटलेले पांढरे पंजे रूडीनं पुढे कितीतरी दिवस झटकले नाहीत.

“सरांना सांगायला हवं,” ब्रिन म्हणाली. “आत्ता!”

शनिवार होता, म्हणजे पेल्टोला सर गोठलेल्या तळ्यावर. बर्फात भोक पाडून, वर लाकडी खोपटं ठेवून, आत शेगडी पेटवून मासे धरत बसायचं हे त्यांचं शनिवारचं काम. बापलेक गरम पास्ट्यांची पिशवी घेऊन बर्फ तुडवत तिथे पोचले. सर बादलीवर बसले होते, हातात दोरी.

“सर! मिळाला! प्रवेश मिळाला!”

सर उठले. टोपी काढली, परत घातली. मग त्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. “बरं झालं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे शेगडीच्या धुरानं, किंवा कशानं, ओलावले होते.

पास्ट्या खाऊन झाल्यावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. “आता झालंय. मी आपणहून दाखवतोय. हक्काबिक्काचा प्रश्न नाही.”

ब्रिनच्या तळव्यांना खाज सुटली. ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या रात्री त्या कागदात होत्या. तिला तो हवा होता, अगदी खरोखर हवा होता. तिनं हात पुढे केला आणि त्या हातानं सरांचाच हात अलगद मागे सारला.

“नको, सर. ते तुमचं आहे.”

सरांनी मान हलवली आणि कागद परत खिशात घातला. ते दोरीकडे बघत बसले. मग ते पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाले, “अवघड गेलं जरा.”

“काय, सर?”

“पायरी एक म्हणजे काय, ते. कॉलेजवाल्यांना कुठून ठाऊक असणार. समजावून सांगण्यात अर्धं पान गेलं.”

ब्रिनला क्षणभर ऐकलेलं कळेना. “तुम्ही तक्रारीचं लिहिलंत?”

“सुरुवात तिथूनच केली. स्वतःचे गुण पूर्ण असताना दुसऱ्यांसाठी भांडली. आणि माझ्याशी भांडली ती माझ्यासमोर.” सरांनी दोरी किंचित ओढली. “तेवीस वर्षांत असं कुणी केलं नाही.”

एवढे महिने मुक्काम ठोकून असलेली भीती ब्रिनच्या डोळ्यांतून वाहून गेली. तिनं पुसलंही नाही. रूडी खोपट्याचं छत फार निरखून बघत होता.

“कलमाचा आकडा चुकला होता,” सर पुढे म्हणाले. “तेही लिहिलं.”

रूडी ताडकन वळला. “चुकला? मी स्वतः तपासलं होतं ते! कुठला आकडा? अरे ए पेल्टोला, दाखव ते पत्र!”

त्याचा हात सरांच्या खिशाकडे झेपावला, आणि ब्रिन व सर दोघंही एकदमच ओरडले, “पेटीपासून लांब!”